काळ्या गाडीची खांदेमळणी

परभणीत काळ्या रंगाची मोटार घेणारा माणूस एक तर भोळा असतो, नाही तर हट्टी. आमचे घरमालक दोन्ही होते, आणि वर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले होते. या तीन गोष्टी एका माणसात जमल्या की काय होतं, ते मी तीन वर्षं त्यांच्या वरच्या मजल्यावर राहून पाहिलं. वेगळं तिकीट पडलं नाही. खोलीच्या भाड्यात भागलं.

आमच्याकडची धूळ शेजारणीसारखी असते. न सांगता येते आणि एकदा बसली की उठत नाही. उन्हाळ्यात काळ्या मातीचं पीठ उडतं, दिवाळीनंतर जिनिंगच्या बाजूने कापसाचे तंतू तरंगत येतात, पावसाळ्यात तीच माती चपलेला धरून थेट माजघरापर्यंत येते. म्हणून शहाणी माणसं पांढरी गाडी घेतात, रविवारी तिच्यावर दोन बादल्या पाणी फेकतात आणि जुन्या बनियनने पुसून जेवायला बसतात. सरांना मी एकदा विचारलं होतं, "सर, पांढरी का नाही घेतली?"

"पांढरी गाडी खोटं बोलती, एमार," सर म्हणाले. "काळी कबूल करती."

मी औषध कंपनीचा फिरता माणूस. असल्या माणसाला आमच्याकडे नाव नसतं, एमार म्हणतात. मी खोली बघायला गेलो, त्या दिवसाची गोष्ट. पुढच्या पत्र्याखाली ही काळी गाडी उभी होती आणि तिच्या बोनेटवर धुळीचा बारीक थर होता. घरमालकावर छाप पाडावी म्हणून मी खिशातला स्वच्छ रुमाल काढला आणि बोनेटवरून एक हात फिरवला. आतून आवाज आला, "हात वर!"

मी हात वर केले. दोन्ही. रुमालासकट.

लुंगी आणि बंडीतले सर विजेरी घेऊन बाहेर आले. भर दुपारी. त्यांनी विजेरीच्या उजेडात बोनेट पाहिलं, मग मला पाहिलं. बोनेटवरची चिमूटभर धूळ दोन बोटांत धरली आणि ती बोटं माझ्या कानापाशी आणून चोळली.

"काय ऐकू यायलंय?"

"करकर, सर."

"याला धूळ म्हणत्यात लोक. हा डोंगर हाय, दळलेला. अन् तुम्ही तो रुमालानं माझ्या गाडीवर घासला."

मला वाटलं, खोली गेली. पण सरांनी किल्ली आणून हातात दिली. मागाहून काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, खुलासा केला. आधीच्या भाडेकरूने असंच काहीतरी केलं होतं आणि वर वाद घातला होता. मी निदान हात तरी वर केले होते.

सरांचा गाडी धुण्याचा दिवस म्हणजे रोजचा दिवस. ऊन अंगणात उतरायच्या आत ते काम संपलं पाहिजे, कारण तापलेल्या पत्र्यावर साबण वाळतो आणि डाग धरतो. सुरुवात मात्र दाढीने व्हायची. दाढीचा आणि गाडीचा संबंध काय, हे मला दोन महिन्यांनी कळलं. गाडीला लावायचं प्रत्येक फडकं ते आधी स्वतःच्या गालावर फिरवून बघत. गालाला जे टोचेल ते गाडीला टोचेल. खुंट वाढलेले असले तर परीक्षा चुकते, म्हणून आधी गुळगुळीत दाढी. शाळेत असताना हा माणूस दोन दिवसांची दाढी घेऊन वर्गावर जायचा, असं काकू सांगत.

मग पंप. शेतात फवारणीला वापरतात तो पाठीवरचा पंप सरांनी कोरा करकरीत आणला होता. त्याला औषधाचा थेंब माहीत नव्हता. त्याच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं: 'फक्त गाडी'. नळाला पाणी दहा-बारा दिवसांनी येणाऱ्या गावात पाइप धरून गाडी धुणं हे पाप, म्हणून सर पंप पाठीला लावून, डाव्या हाताने दांडा मारत, गाडीभोवती कपाशीच्या पाटात फिरावं तसे फिरायचे. आधी नुसतं पाणी, माती भिजून सुटेपर्यंत. फडक्याचा मान त्यानंतर. बादल्या दोन. एक साबणाची. दुसरी साध्या पाण्याची, फडकं पिळायची, तिचं नाव पापाची बादली. फडकं गाडीवरून आलं की आधी पापाच्या बादलीत बुडायचं, पिळायचं, मगच साबणाच्या बादलीत जायचं. वरून खाली. टप आधी, चाकं शेवटी. आणि हात सरळ, नांगराच्या तासासारखा.

"गोल फिरवायचं ते जातं!" सर ओरडायचे. ओरडायला समोर कोणी नसायचं. ते स्वतःच्या उजव्या हाताला ओरडत.

फडकी अकरा. काकूंनी प्रत्येकावर लाल दोऱ्याने टाके घालून दिले होते: टप, बोनेट, दारं, चाकं. जे फडकं चुकून जमिनीवर पडेल ते त्या क्षणी बडतर्फ. ते पुन्हा गाडीला लागायचं नाही, स्वयंपाकघरात बदली व्हायची. त्यामुळे ओटा पुसायला सगळ्या जिल्ह्यात नसेल असं मखमली कापड काकूंकडे होतं, आणि पाहुण्यांना 'चाकं' असं लिहिलेल्या फडक्यावर चहाची कपबशी ठेवून मिळायची.

पण खरी मजा जारची. आमच्या बोअरच्या पाण्यात इतका चुना की ते वाळलं की काळ्या रंगावर देवीच्या व्रणांसारखे पांढरे ठिपके उठतात. सरांनी उपाय काढला. शेवटचं पाणी विकतच्या जारचं. गार पाण्याचा वीस लिटरचा जार घेऊन टेम्पोवाला यायचा, तो गाडीच्या नावाने.

"अवो एमार," काकू मला जिन्यात गाठून सांगायच्या, "गाडी जारचं पाणी पितीय, अन् आमी नळाचं उकळून. मला काय मुतखडा झाला तर चालंल, तिला डाग पडू नये."

"तुला मुतखडा झाला तर बाहेरून दिसंल का?" सर आतून विचारायचे. त्यांचा प्रश्न शास्त्रीय असायचा, हे त्यांचं दुर्दैव.

एवढी जपलेली गाडी जायची कुठे, असं तुम्ही विचाराल. कुठेच नाही. पिंगळीला काकूंच्या भाच्याचं लग्न होतं. पिंगळी म्हणजे परभणीपासून रेल्वेचं पुढचं ठाणं, नीट खोकला आला तर ऐकू जाईल. सर पॅसेंजरने गेले. "लग्नात लोक गाडीला टेकतेत," म्हणाले. गंगाखेडच्या लग्नाला मात्र व्याह्यांनी फारच धरलं म्हणून गाडी न्यावी लागली, आणि सोबत मला. तिथे मंगल कार्यालयासमोर सावली एकाच लिंबाची होती आणि त्या लिंबावर कावळे. पहिल्या पंगतीला सर दिसेनात, म्हणून मी शोधत गेलो. ते बाहेर गाडीपाशी उभे होते. एका हातात पत्रावळ, दुसऱ्या हातात बोनेटवर धरलेली छत्री. व्याही समोर उभे राहून आग्रहाने जिलबी वाढत होते. नेहमीच्या माणसाला आग्रह होतो तसाच.

माझा अंदाज आहे की चार वर्षांत गाडी जेवढी चालली, त्याहून सरच तिच्याभोवती जास्त चालले.

आणि अशा या माणसाला एक बाप होता.

सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. सरही आबाच म्हणायचे. सेलू तालुक्यातलं वालूर हे त्यांचं गाव. तिथे ते सरांच्या धाकट्या भावाजवळ राहत. त्यांचा उजवा डोळा दुखणं अंगावर काढता काढता कायमचा गेला होता. राहिलेल्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकून खोबऱ्यासारखा पांढरा झाला होता. परभणीत डोळ्याचे एक डॉक्टर महिन्यातून एक दिवस बाहेरगावाहून यायचे. त्यांनी सरांना स्वच्छ सांगितलं होतं, "या खेपेला करून घ्या. त्यानंतर उपयोग होईल असं मी सांगू शकणार नाही." म्हणजे आता चुकलं तर म्हातारा दोन्ही डोळ्यांनी गेला. सरांनी नंबर लावला आणि अंगणात उभं राहून आबांना फोन लावला. आबांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर. आबा ओरडायचे म्हणून अख्ख्या गल्लीला.

"आबा, गाडी घेऊन येतो. बसा अन् चला."

"कशात बसू?"

"गाडीत की."

"तिची मळणी झाली का?"

"कसली मळणी?"

"खांद्याची! चार वर्सं दारात उभी हाय. एकदा तरी हळद-लोणी लावलंस का तिला? ज्याच्या खांद्यावर बसायचं त्याच्या खांद्याला आधी हात लावावा, मास्तर. असल्या उपाशी जनावरावर म्या बसत न्हाई."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैल धुऊन आणतात, आणि वर्षभर जू वाहिलेल्या त्यांच्या खांद्यांना पळसाच्या पानाने हळद आणि लोणी चोळतात. ती खांदेमळणी. मग बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. ज्या वर्षी सरांनी गाडी घेतली त्याच वर्षी धाकट्याने बैलजोडी विकून ट्रॅक्टर आणला होता. आबांच्या मनात या दोन घटना एक झाल्या होत्या. दोन बैल गेले आणि त्यांच्या जागी एक काळं जनावर आलं. ते थोरल्याच्या दारात बांधलेलं आहे. त्याची मळणी कोणी करत नाही.

"मग यष्टीनं या, आबा!" सर ओरडले.

"दारात जनावर असताना यष्टीनं कामून येऊ? लोक काय मनतेल? आधी तुझ्या जनावराचं बघ, मंग माझ्या डोळ्याचं."

फोन बंद.

पुढचे चार दिवस सरांनी जे भोगलं ते मी पाहिलं. एका तागडीत बापाचा डोळा आणि दुसऱ्या तागडीत गाडीचा रंग. कोणताही शहाणा माणूस म्हणेल, यात तागडी कशाला पाहिजे? बरोबर. पण डोळ्याची तागडी खाली गेली म्हणून दुसरीतलं वजन कमी होत नाही. सर सकाळी दाढी करायचे आणि नुसतेच गाडीजवळ उभे राहायचे.

शेवटी त्यांच्यातला विज्ञान शिक्षक जागा झाला. हळद-लोण्याचे प्रयोग सुरू झाले. पहिला प्रयोग कपाटाच्या दारावर. दुसरा, मला न विचारता, माझ्या मोटारसायकलच्या टाकीवर. ती टाकी दिवाळीपर्यंत जेजुरीहून येऊन उभी राहिल्यासारखी दिसत होती. निष्कर्ष असा निघाला की लोणी निरुपद्रवी, दोष हळदीत. दळताना तिच्यात जात्याची खर उतरते. मग काकूंना हुकूम झाला: हळद वस्त्रगाळ करायची. कोणत्या वस्त्रातून? 'टप' लिहिलेल्या फडक्यातून. सात वेळा.

"माझ्या लग्नात हळद लावली," काकू चाळता चाळता म्हणाल्या, "ती तर भरड होती. तवा कुणी गालाला लावून बघितलं न्हाई."

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. सर, काकू आणि गाडी. पुढे मोटारसायकलवर मी. माझं काम रस्त्यातल्या डबक्यांची आगाऊ सूचना देणं. डबकं आलं की मी हात वर करायचा, तोच हात वर करण्याचा गुण सरांनी पहिल्या दिवशी हेरला होता. "पुढं राहा, पण चिखल मागं उडवू नका," अशी सक्त ताकीद होती. ती कशी पाळायची ते त्यांनी सांगितलं नव्हतं. वाटेत एक बकऱ्यांचा कळप आम्हाला मागून येऊन ओलांडून गेला.

वालूरला धाकट्याच्या अंगणात पोचलो तर निम्मं गाव तिथे. आबा बाजेवर ताठ बसलेले, डोक्याला पटका, हातात पळसाची पानं. सर उतरले आणि डिकीतून सामान निघायला लागलं. पंप, दोन बादल्या, अकरा फडकी, पाण्याचे दोन जार.

"मास्तर, जार कशाला?" कोणीतरी विचारलं.

"जनावराला पाजायला," दुसऱ्याने परस्पर उत्तर दिलं.

"शिंगं कुठाय तिची?"

"आरसे हायेत की! बघ, एक जरा मुडपलंय."

धाकट्यालाही चेव आला. "आबा, मंग ट्रॅक्टर बी आणू का मळणीला?"

"त्याला नको," आबा म्हणाले. "ते खातंय लय, अन् घरच्याला वळखत न्हाई."

सरांनी शांतपणे गुळगुळीत गालावर फडकं फिरवलं, पंप पाठीला लावला आणि वाटेचा सगळा चिखल काढला. दोन बादल्या, वरून खाली, सरळ हात. हळूहळू टिंगल थांबली. शेतकरी माणसाला जनावर कोण मनापासून धुतोय ते कळतं. एक म्हातारी म्हणाली सुद्धा, "हात चांगलाय मास्तराचा. मास्तर कामून झाला काय की." गाडी अशी चमकली की तिच्या दारात सगळं गाव उलटसुलट दिसायला लागलं.

"आता म्या बघतो," आबा उठले.

काकू वस्त्रगाळ हळद आणि लोण्याची ताटली घेऊन उभ्या. सर एक मऊ फडकं पुढे धरून उभे. आबांनी फडकं घेतलंच नाही. बैलबाजारात जनावर तपासतात तसा त्यांनी गाडीच्या नाकाडावर उघडा पंजा ठेवला आणि मागे चालायला लागले. तळवा पत्र्यावरून न उचलता. बोनेट, काच, दार. दिसत काहीच नव्हतं, ते नुसत्या हाताने बघत होते. सर त्या हाताच्या मागोमाग, वीतभर अंतर ठेवून, श्वास धरून.

डाव्या बाजूच्या मागच्या दारावर हात थांबला. मागे आला. परत पुढे गेला.

"हितं काय झालतं?"

"कुठं काय, आबा?"

"हितं. हितलं कातडं वेगळं हाय. मार बसलेला हाय जनावराला, अन् वरून लिंपलंय."

मी सरांकडे पाहिलं. तीन वर्षं विजेरी घेऊन या गाडीवर मी जे शोधू शकलो नव्हतो, आणि खरं सांगतो, भाडेकरूच्या खुन्नसने मी पुष्कळ शोधलं होतं, ते आंधळ्या म्हाताऱ्याने एका फेरीत काढलं.

"फाटक लागलं," सर खाली बघत म्हणाले. "आपलंच. घरी आणली त्या दिवशी. ही ओवाळायचं ताट आणायला आत गेलती, तेवढ्यात मागं घेतली."

"तरीच!" काकू ताटलीसकट पुढे आल्या. "दुसऱ्याच दिवशी दोन दिवस ट्रेनिंग लागलं मनून गाडी घेऊन नांदेडला गेलते! म्या डबा करून दिलता ट्रेनिंगचा! दशम्या!"

"अन् त्या दिसापून तू तिला रोज धुवायलास?" आबांनी विचारलं.

निवृत्त मास्तर, पाठीवर पंप, हातात 'दारं' लिहिलेलं फडकं, आणि चेहरा गृहपाठ न केलेल्या पोराचा.

"मार लागलेल्या जागेला पाणी कशाला लावावं, मास्तर?" आबा म्हणाले. "हळद लावावी."

त्यांनी ताटलीत बोटं बुडवली, त्या दारावर थापली आणि पळसाचं पान घेऊन चोळायला लागले. पान राठ. आवाज आला. करकर. तो मी ऐकला, सरांनी ऐकला, आणि सरांनी डोळे मिटले. त्या करकरीला ते धावून जातील म्हणून मी दोन पावलं पुढेही झालो. पण आबांनी दुसरं पान त्यांच्यासमोर धरलं.

"तू बी लाव."

सरांनी डोळे उघडले, पान घेतलं, सवयीने गालावर फिरवून बघितलं, तोंड वाकडं केलं आणि लावायला लागले. सरळ रेषेत.

मग बोनेटला, मग टपाला. आबांनी खाली वाकून, बैलाच्या कानात सांगतात तसं दिव्याच्या काचेपाशी तोंड नेऊन आमंत्रण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." गाडीत जाऊन बसलेल्या धाकट्याने तेवढ्यात हॉर्न दाबला. "व्हय मनली!" गाव ओरडलं.

"झालं ना आता?" सरांनी रुमालाने हात पुसत विचारलं. "सकाळी सातला निघू, आबा. अकराचा नंबर हाय. ह्याच गाडीत."

आबांनी त्यांच्या आवाजाच्या दिशेला तोंड केलं. चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य.

"उद्या?"

"उद्याच की. डॉक्टर उद्याच येणार."

"उद्या पोळा हाय, मास्तर. पोळ्याला जनावर जुपतेत व्हय?"

चाळीस वर्षं शहरात काढलेला माणूस एवढी एक गोष्ट विसरला होता. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर काही ठेवत नाहीत. आणि आता मळणी झाली होती, आवतन दिलं होतं, गाडीने सगळ्या गावासमोर होकार दिला होता. सर गाडीकडे बघत राहिले. पिवळी, तुपकट, हाताचे फराटे उठलेली. हे सगळं ज्यांच्यासाठी केलं ते तिच्यात बसणारच नव्हते.

"मंग डोळ्याचं काय, आबा?" काकूंनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच घाबरलेला होता.

"यष्टीनं जाऊ की," आबा म्हणाले. "आता काय लाज? आपलं जनावर सणाचं हाय."

सकाळी पहिल्या बसने सर आबांना घेऊन गेले. जाताना मला गाडीपाशी नेऊन म्हणाले, "एमार, तुम्ही हितंच थांबा. कुणाला हात लावू देऊ नका." मी नेहमीप्रमाणे हात वर करून शपथ घेतली.

ती शपथ साधारण दुपारपर्यंत टिकली. आबांच्या घरचं जनावर पोळ्याला मारुतीपुढे गेलं नाही तर कसं दिसेल, असा मुद्दा धाकट्याने काढला आणि मला तो पटला. कोणीतरी टपावर आरशांची झूल टाकली. काचेला कणकेची खळ लावून बाशिंग चिकटवलं. दोन्ही आरशांना घुंगरं. पोरीबाळींनी शिंगं रंगवायच्या लाल हुरमुंजात पंजे बुडवून चारी दारांवर उठवले. वाद एकच झाला, इंजिन सुरू करायचं का? नाही, सणाला जुपायचं नाही. मग वीस जणांनी गाडी ढकलली. पुढे हलगी आणि सनई, मध्ये मी स्टिअरिंगवर, गळ्यात हार. गावातले सगळे बैल मागे आणि आम्ही मानाचे.

मारुतीपाशी सरांचा फोन आला.

"एमार, गाडी कशी हाय?"

"उभी आहे, सर." त्या क्षणी खरंच उभी होती. पोरं दम खात होती.

"सनई कुठं वाजायली?"

"शेजारी, सर. आबांचं काय?"

"आत नेलंय," सर म्हणाले. "डॉक्टर मनले, जरा उशीरच केला तुम्ही. पट्टी उद्या काढल्याबिगर सांगता येत न्हाई." मग फोन ठेवताना म्हणाले, "गाडीचं काय बी होऊ द्या."

तेवढ्यात एका बाईने पुरणाची पोळी तुपात बुडवून बोनेटवर ठेवली. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीवरचा डाग पुसायला घाबरलो नाही. मला पुसावासाच वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारची बस आली. वेशीपासून सर आबांना हाताला धरून घेऊन आले. आबांच्या डोळ्यावर काळा चष्मा. सरांच्या तोंडावरून काही कळत नव्हतं. मी गाडीसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिलो. जणू एवढी मोठी गाडी माझ्यामागे लपणार होती. पंजे, बाशिंग, खळ, वाळलेली हळद, पुरण, आणि त्या पुरणावर रात्रीत आलेल्या मुंग्यांची सरळ रांग. सरांनी मला बाजूला केलं. गाडी पाहिली. वरून खाली.

आबांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला. डावा डोळा लाल होता, पाणावलेला होता, पण तो हलत होता. तो धाकट्यावर गेला, माझ्यावर आला, काकूंच्या लुगड्याच्या काठावर थांबला, आणि मग गाडीवर गेला. बराच वेळ तिथेच राहिला. एका पंजावरून दुसऱ्या पंजावर.

"ही व्हय ती?"

"हीच, आबा," सर म्हणाले. "दिसायली का?"

"दिसायली की. सगळी दिसायली." आबांनी तोंड वेंगाडलं. "किती मळलंय रं हे जनावर! मास्तर झालास, पेन्शन खायलास, अन् दारातलं एक जनावर धुणं व्हईना व्हय रं तुला?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. सर आबांच्या त्या एका डोळ्याकडे बघत होते, डोळा त्यांच्याकडे बघत होता, उत्तराची वाट बघत.

"राहून गेलं, आबा," सर म्हणाले.